गोंगाटाची वही : कर्कश संगीताची छोटी लेबलं आणि आपलं जबलपूर

या मालिकेत आपण जबलपूर आणि जुन्या मध्य प्रांताच्या इतिहासावर गप्पा मारतो. भोसल्यांचा अंमल, रेल्वे, कारखाने हे त्यातले नेहमीचे विषय. आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. घरातल्या मोठ्या माणसांना तो पहिल्या पाच मिनिटांत नकोसा वाटेल, पण त्यांनीही शेवटपर्यंत थांबावं. शेवटी मला त्यांच्याच कपाटातल्या कॅसेटींबद्दल बोलायचं आहे.

विषय असा : जे संगीत बहुतेकांना संगीतच वाटत नाही, म्हणजे हेवी मेटल, त्याहून कडक ग्राइंडकोर, आणि ज्यात सूरही नाही आणि तालही नाही असं निव्वळ ‘नॉइज’, ते रेकॉर्ड करून, छापून, जगभर पाठवणारी छोटी लेबलं. एक-दोन माणसं घरातल्या एका खोलीतून ती चालवतात. त्यांचा इतिहास काय, ती चालतात कशी, आणि जबलपूरचा त्याच्याशी संबंध काय?

आधी ‘लेबल’ म्हणजे काय ते स्पष्ट करू. रेकॉर्डच्या मध्यभागी गोल कागद चिकटवलेला असायचा, त्यावर कंपनीचं नाव आणि क्रमांक असायचा. त्या कागदावरून कंपनीलाच लेबल म्हणू लागले. स्टुडिओ आवाज टिपतो, दुकान विकतं. लेबल यातलं काही करेलच असं नाही. लेबल एक जबाबदारी घेतं : हे रेकॉर्डिंग कोणाचं, कधीचं, किती प्रती काढल्या, कोणाला किती पैसे द्यायचे आणि मूळ टेप कुठे ठेवली आहे. म्हणजे लेबल ही एक वही आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की संगीताच्या इतिहासात काय उरतं हे पुष्कळदा त्या वहीवर ठरतं. संगीत किती चांगलं होतं यावर ते फारसं ठरत नाही.

गोंधळ, गोंगाट आणि नॉइज

मराठीत एक गंमत आहे. ‘गोंधळ’ हा आपल्याकडे देवीचा विधी आहे. संबळ, तुणतुणं, झांज, दिवटी, रात्रभर जागरण. आणि ‘काय गोंधळ घातलाय’ असं आपण पोरांनाही म्हणतो. एकाच शब्दात भक्तीही आहे आणि कलकलाटही. संबळ जवळून ऐकला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. तो आवाज कानाला गोड लागत नाही, तो अंगात शिरतो.

युरोपात हा विचार कागदावर यायला १९१३ साल उजाडलं. लुइजी रुसोलो नावाच्या इटालियन चित्रकाराने ‘गोंगाटाची कला’ या अर्थाचा जाहीरनामा लिहिला. यंत्रांच्या शहरात राहणाऱ्या माणसाला व्हायोलिनचे मोजके स्वर पुरत नाहीत, कारखान्याचे, गाड्यांचे, गर्दीचे आवाजही संगीतात हवेत, असं त्याचं म्हणणं. त्याने त्यासाठी खोकी बांधली, पुढे कर्णे लावले, मागे दांडा फिरवायचा. ‘इंटोनारुमोरी’ असं त्यांचं नाव. ती मूळ यंत्रं आज उरलेली नाहीत. १९२० च्या दशकात त्याच्या भावाच्या रचनांची एक रेकॉर्ड निघाली, त्यात या यंत्रांचा आवाज आहे. आज आपल्याला त्यांचा मूळ आवाज ऐकू येतो तो एका रेकॉर्डमुळे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इथे एक शंका येणार, ती मला लग्नाच्या वरातीतही विचारली गेली आहे : मग डीजेच्या भिंतीही संगीतच का? आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. हे नियम योग्यच आहेत. वरातीचा डीजे शेजारच्या आजारी माणसाला विचारत नाही. नॉइजची कॅसेट मात्र कोणीतरी स्वतःच्या पैशाने मागवतो, दार लावतो आणि हेडफोनवर ऐकतो. आवाज एकसारखा असला तरी हा फरक फार मोठा आहे.

रेकॉर्डमधली आपली लाख

आता जबलपूरकडे या. आपल्या आजूबाजूच्या जंगलांत, मंडला, शिवनी, बालाघाट, उमरियाच्या बाजूला, पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर लाखेचा किडा वाढतो. तो फांद्यांवर राळेसारखा थर चढवतो. आदिवासी कुटुंबं त्या फांद्या तोडून लाख खरवडतात, ती धुऊन, वितळवून तिच्या पातळ चकत्या करतात. बांगड्यांची लाख, पत्रावर मोहर करायची लाख, सोनाराची लाख, ती हीच.

एमिल बर्लिनरने ग्रामोफोनची सपाट तबकडी काढली. आधी त्याने कडक रबर वापरून पाहिलं, मग १८९० च्या दशकातच तो लाखेच्या मिश्रणाकडे वळला. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचा गरम लगदा साच्यात दाबायचा, की झाली ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड. पुढची जवळपास पन्नास वर्षं जगातल्या बहुतेक रेकॉर्डी अशाच बनल्या, आणि लाखेचा सगळ्यात मोठा पुरवठा होता हिंदुस्थानातून. छोटा नागपूर आणि मध्य प्रांत हे त्यातले मोठे भाग. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची ये-जा अवघड झाली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेच्या सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेत ७० टक्के कपात केली. लोकांना जुन्या रेकॉर्डी गोळा करून परत द्या म्हणून सांगावं लागलं.

म्हणजे न्यूयॉर्कचा जाझ, मिलानचा ऑपेरा आणि मुंबईचं नाट्यसंगीत आपल्या पळसावरच्या किड्याच्या लाखेवर कोरलं गेलं. पण लाख खरवडणाऱ्यांची गाणी रेकॉर्ड करायला कंपन्यांना गरज वाटली नाही. कंपनी तेच छापणार जे हजारांनी खपेल. कच्चा माल जंगलातून घ्यायचा आणि तबकडी शहरात विकायची, असा तो व्यवहार होता.

एका कंपनीचं राज्य आणि टू-इन-वन

भारतात पहिलं व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात झालं. १९०८ मध्ये तिथेच सियालदहला कारखाना निघाला. तेव्हापासून कुत्र्याच्या चित्राच्या कंपनीचा बाजारावर जबरदस्त पगडा होता. छोटी लेबलं झाली नाहीत असं नाही. १९३५ मध्ये मुंबईत ‘यंग इंडिया’ हे स्वदेशी लेबल निघालं आणि वीसेक वर्षं चाललं. आज त्या रेकॉर्डींची माहिती आपल्याला मिळते ती मुख्यतः संग्राहकांमुळे. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या मराठी माणसाने त्यात आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली. त्यांनी केलेलं काम म्हणजे बंद पडलेल्या कंपन्यांच्या हरवलेल्या वह्या पुन्हा लिहून काढणं.

रॉकची गोष्ट तर आणखी मजेदार. १९७० आणि १९७१ मध्ये भारतातल्या कॉलेजवयीन रॉक बँडच्या दोन रेकॉर्डी निघाल्या. कोणी काढल्या? ‘सिमला’ नावाच्या सिगारेटच्या ब्रँडने. ‘सिमला बीट’ ही त्यांची जाहिरातीसाठीची बँडस्पर्धा होती. त्या काळच्या बऱ्याच बँडचा आवाज आज ऐकायला मिळतो तो त्या जाहिरातीच्या खर्चामुळे. सिगारेट कंपनीला रॉकचा पुळका नव्हता, तिला तरुण गिऱ्हाईक हवं होतं.

मग आली कॅसेट. आखातातून परत येणाऱ्यांच्या सामानात टू-इन-वन यायला लागले, १९८० च्या दशकात देशातही कॅसेटी बनू लागल्या, आणि रेकॉर्डचा कारखाना लागत होता तिथे दोन डेक आणि एक वायर पुरू लागली. संशोधक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं, ते उत्तर भारताच्या याच उलथापालथीवर. बुंदेली लोकगीतं, आल्हा, स्थानिक कीर्तनं, जे मोठ्या कंपनीने कधी विचारलं नसतं ते गल्लीतल्या दुकानात मिळायला लागलं.

टोकियो आणि नॉटिंगहॅम

हीच कॅसेट जगाच्या दुसऱ्या टोकाला वेगळं काम करत होती. टोकियोत मासामी अकिता नावाच्या तरुणाने १९७९ मध्ये ‘मर्झबो’ या नावाने निव्वळ गोंगाटाच्या रचना करायला सुरुवात केली. त्या कोण छापणार? त्याने स्वतःचंच लेबल काढलं, घरी कॅसेटी भरल्या, झेरॉक्सची मुखपृष्ठं लावली आणि टपालाने देशोदेशी पाठवल्या. पलीकडचाही स्वतःची कॅसेट पाठवायचा. पैशापेक्षा अदलाबदल जास्त. २००० साली ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या लेबलने त्याच्या ५० सीडींची एक पेटीच काढली. वीस वर्षांचं काम नीट क्रमाने लावता आलं, कारण कॅसेटींना पहिल्यापासून नावं आणि तारखा होत्या.

इंग्लंडात नॉटिंगहॅमला डिग्बी पिअर्सनने १९८० च्या दशकाच्या मध्यात घरातूनच ‘इअरेक’ नावाचं लेबल सुरू केलं. इअरेक म्हणजे कानदुखी! १९८७ मध्ये त्याने ‘नेपाम डेथ’ या बँडची ‘स्कम’ ही रेकॉर्ड काढली. तेहतीस मिनिटांत २८ गाणी. त्यातलं एक गाणं दीड सेकंदही चालत नाही, आणि जगातलं सर्वांत छोटं गाणं म्हणून त्याची नोंद झाली. कोणत्या मोठ्या कंपनीच्या साहेबाने हे मंजूर केलं असतं? पण त्या रेकॉर्डमधून ग्राइंडकोर हा आख्खा प्रकार रुळला.

बर्मिंगहॅमचं नाव इथे घ्यायलाच हवं. नेपाम डेथ तिथल्याच परिसरातला, आणि हेवी मेटलची सुरुवात जिथून मानतात तो ‘ब्लॅक सबाथ’ही बर्मिंगहॅमचा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवली आणि ती बोटांना चढवून वाजवलं. पुढे तारा सैल करून स्वर खाली उतरवले. तो जड, खर्जातला आवाज त्यातून आला. कारखान्याने बोटं नेली आणि आवाज दिला, असंही लोक म्हणतात. मला त्यात नको तितका गोडवा वाटतो. बोटं गेली ती गेलीच.

पण तुलना सुचते, कारण आपणही कारखान्याचंच गाव. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, महायुद्धाच्या काळातली खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, १९६९ ची व्हेइकल फॅक्टरी. पाळीचा भोंगा, रेल्वेयार्डातली आदळआपट, खमरियाकडून येणारे तोफांच्या चाचणीचे दणके. आणि भेडाघाटला धुवाँधार आहे, तिथे कठड्याशी उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. नॉइजवाले ज्या आवाजासाठी यंत्रं जुळवतात तो नर्मदा फुकट देते. आवाजाच्या बाबतीत बर्मिंगहॅमपेक्षा आपण गरीब नव्हतो. त्यांच्याकडे जास्त होती ती बाकीची व्यवस्था : जवळपास रेकॉर्ड दाबणारे कारखाने, संगीतावरची साप्ताहिकं, अनोळखी बँड रेडिओवर लावणारा जॉन पील, आणि घरातून लेबल चालवणारा एखादा डिग्बी.

अलाहाबादचं मासिक, मुंबईची लेबलं

आपल्याकडे ही व्यवस्था उभी राहायला लागली ती जबलपूरपासून फार लांब नाही. १८६७ मध्ये अलाहाबादहून रेल्वे जबलपूरला आली, १८७० मध्ये मुंबईची लाइन तिला इथेच मिळाली आणि मुंबई ते कलकत्ता गाडीने जाता येऊ लागलं. त्याच अलाहाबादेत १९९३ मध्ये अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ नावाचं मासिक सुरू केलं. दिल्ली नाही, मुंबई नाही, अलाहाबाद! कोणत्या शहरात कोणता बँड आहे, कोणी कार्यक्रम केला, कोणाची कॅसेट निघाली, हे त्यात छापून यायचं. त्यांनी भारतीय बँडचे संग्रहही काढले आणि १९९७ पासून ‘ग्रेट इंडियन रॉक’ हा महोत्सव भरवला. जानेवारी २०१२ मध्ये गोव्यात समुद्रात बुडून सैगल यांचा मृत्यू झाला. छोट्या गावातल्या मुलाला ‘आपल्यासारखे आणखी आहेत’ हे ज्या कागदाने कळवलं, तो कागद या माणसाचा होता.

मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचा, धोबी तलावाजवळच्या रंगभवनात. पुढे ते आवार शांतता क्षेत्रात आलं आणि तिथले रात्रीचे कार्यक्रम थांबले. इस्पितळं आणि कॉलेज शेजारी होती, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही. पण जागा गेली की रेकॉर्डिंगचं महत्त्व आणखी वाढतं.

त्याच मुंबईत साहिल माखिजा यांनी २००० साली ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड काढला, आणि पुढे ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ हे लेबल. स्वतःचं छापायचं, दुसऱ्यांचंही छापायचं, परदेशी बँडच्या सीडी परवानगी घेऊन इथे काढायच्या. २०१० मध्ये त्यांच्या बँडची रेकॉर्ड एका ब्रिटिश लेबलकडून निघाली आणि लंडनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा पुरस्कारही मिळाला. आता पोट कशावर? या गृहस्थांनी ‘हेडबँगर्स किचन’ नावाचा स्वयंपाकाचा यूट्यूब कार्यक्रम सुरू केला आणि त्यातल्या किटो पाककृती जगभर पाहिल्या गेल्या. मेटल गाणारा माणूस पनीर परतून दाखवतो, हे कोणाला विचित्र वाटेल. मला तो या धंद्याचा सगळ्यात प्रामाणिक हिशेब वाटतो. जड संगीतावर घर चालत नाही, म्हणून घर दुसऱ्या कशावर तरी चालवायचं आणि संगीत मनासारखं ठेवायचं.

दुसरं उदाहरण कुणाल चोकसी यांच्या ‘ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी’चं. २००५ मध्ये लेखनापासून सुरुवात झाली आणि पुढे त्याचं लेबल झालं. आज मुंबईतून चालणाऱ्या या लेबलच्या यादीत बहुसंख्य डेथ मेटल बँड युरोप-अमेरिकेतले आहेत. एकेकाळी कच्चा माल इथून जायचा आणि तबकडी तिथून यायची. आता तिथले वादक मुंबईकडे आपली रेकॉर्ड सोपवतात. मध्य भारतातही शांतता नव्हती. इंदूरला २००६ मध्ये ‘निकोटीन’ हा मेटल बँड निघाला, आणि आपल्या भागातल्या या संगीताचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव घेतात.

लेबल नसलं तर काय होतं

आता उलट बाजू. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत म्हणजे एनआयडीत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. मथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तिथे इलेक्ट्रॉनिक रचना केल्या. जगात मोजक्याच ठिकाणी असं काम चाललेलं, आणि त्यात आपले लोक बरोबरीने होते. टेपा भरल्या, कपाटात गेल्या. कोणी त्या छापल्या नाहीत. २०१७ मध्ये लंडनचे संगीतकार पॉल पर्गस यांना त्या संस्थेच्या संग्रहात सापडल्या, आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह एका ब्रिटिश लेबलने प्रसिद्ध केला.

मधली पन्नास वर्षं भारतातल्या प्रत्येक तरुणाला, जो घरी सिंथेसायझरवर विचित्र आवाज काढत होता, असंच वाटत राहिलं की हे आपल्याकडे कोणी केलेलंच नाही, हे सगळं परदेशी आहे. पूर्वज होते, पण वही नव्हती. आणि एनआयडी तरी सरकारी संस्था, तिला कपाट होतं. ज्यांना कपाटही नव्हतं त्यांचं काय?

माझे एक मामा कारखान्यात होते आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. १९५६ मध्ये विदर्भ वेगळा झाला आणि हायकोर्ट इथे आलं, तरी जबलपूरची मराठी घरं गणपतीत दहा दिवस एकत्र यायची. त्या कार्यक्रमांच्या कॅसेटी मामांकडे होत्या. मी मागितल्या तेव्हा त्यांनी डबा काढून दिला. बहुतेकांवर नंतर सिनेमाची गाणी भरलेली निघाली. एका कॅसेटच्या शेवटी मात्र जुनं उरलं होतं : मंडपातला कलकलाट, माइकची शिट्टी, ‘हॅलो, हॅलो’, आणि त्यातून घुसणारी कीबोर्डची एक सरगम. साधारण चाळीस सेकंद. मामी म्हणाल्या, “अहो, यात गाणं कुठंय, नुसता गोंगाट आहे.” मी तो गोंगाट तीनदा ऐकला. बोलणाऱ्यांपैकी दोन माणसं आता नाहीत.

हिशेब

कोणाला उत्साह आला असेल तर जमाखर्च सांगून टाकतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा तुम्ही १०० कॅसेटी काढल्या आणि एकीला छपाईसकट २५० रुपये पडले. झाले २५,००० रुपये. मास्टरिंग आणि मुखपृष्ठ १०,०००. एकूण ३५,०००. बँडला मोबदला म्हणून २० प्रती दिल्या, १५ समीक्षकांना आणि रेडिओवाल्यांना. उरल्या ६५. पाचशे रुपयांनी सगळ्या विकल्या तर ३२,५००. म्हणजे सगळा माल खपूनही अडीच हजारांची खोट. आणि गिऱ्हाईक जर्मनीत असेल तर टपालाचा खर्च कधी कधी कॅसेटच्या किमतीपेक्षा जास्त.

मग लोक डिजिटलकडे जातात. बँडकॅम्प हे संकेतस्थळ २००८ पासून आहे. डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतं, बाकी तुमचं. लॉकडाऊनच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, त्यांनी एका शुक्रवारी आपला वाटा सोडला. पुढे असे ‘बँडकॅम्प फ्रायडे’ ठरून होऊ लागले आणि जगभरच्या छोट्या लेबलांना आधार झाला. स्पॉटिफायने मात्र २०२४ पासून नियम केला की वर्षात १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदला नाही. दोनशे जणांसाठी बनवलेल्या नॉइजच्या तुकड्याला हा नियम सरळ शून्य देतो.

कायद्याचंही थोडं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणून लेबल आणि वादक यांच्यात एक पानाचा तरी लेखी करार हवा : हक्क कोणाचा, किती वर्षांसाठी, नफा झाला तर वाटणी कशी, आणि लेबल बंद पडलं तर मास्टर कोणाकडे. हे शेवटचं कलम मित्रामित्रांत कोणी लिहीत नाही, आणि नेमकं तेच लागतं. पुष्कळ लेबलं कर्जाने बुडत नाहीत. चालवणाऱ्याला नोकरी लागते, लग्न होतं, गाव बदलतं, आणि हार्ड डिस्क कपाटात जाते.

एक चांगली बातमीही आहे. रेकॉर्ड दाबणं भारतात नव्वदच्या दशकात थांबलं होतं. २०२४ मध्ये मुंबईत पुन्हा एक कारखाना सुरू झाला आहे. म्हणजे छोट्या लेबलाला प्रत्येक वेळी युरोपकडे पाहायला नको.

आता कपाट उघडा

शेवटी ज्येष्ठांकडे येतो. तुमच्या घरी कॅसेटी असतील. ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ, रेल्वे इन्स्टिट्यूटमधला कार्यक्रम, नातवाने भिंती हादरवलेला गिटारचा सराव, काहीही. आधी एक करा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चौकोनी पाती असतात, ती तोडा. मग तिच्यावर पुन्हा काही भरलं जाणार नाही. बुरशी दिसली तर ती वाजवायचा मोह आवरा, जाणकाराला दाखवा. डिजिटल करताना एमपी३ करू नका, वेव्ह फाइल करा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची. दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. आणि सोबत कागदावर लिहा : कोण वाजवतंय, कुठे, कोणत्या साली, टेप कोणी केली.

तरुणांना एवढंच सांगतो. जबलपुरात, नागपुरात, इंदुरात, बेळगावात कोणी बंद खोलीत कर्कश काहीतरी वाजवत असेल, तर ते चांगलं आहे की वाईट हे आजच ठरवू नका. पन्नास प्रती काढा, प्रत्येकीवर क्रमांक घाला, एक प्रत शहराच्या ग्रंथालयात द्या. आवडलं नाही तरी ग्रंथपाल ती फेकणार नाहीत, एवढा विश्वास ठेवायला हरकत नाही.

पुढच्या भागात आपण १८७० च्या त्या रेल्वे जोडणीकडे सविस्तर जाणार आहोत. तोपर्यंत मामांच्या डब्यातली ती चाळीस सेकंदं मी तारीख आणि नावं लिहून दोन ठिकाणी ठेवली आहेत. तुमच्याकडची कॅसेट सापडली तर तिचंही तेवढं करा.